मनगटावरचे दीडशे ठोके

पन्नाशी उलटल्यावर मी धावायला लागलो, तो तब्येतीसाठी नव्हे, रागाच्या भरात. साखर काठावर आली आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून रोज सकाळी आमच्या बऱ्हाणपुरात तापीकाठच्या राजघाटावर चालायला जायचो. तिथे आमच्या बुधवारा मोहल्ल्यातलेच चार-पाच जण यायचे. त्यातले एक निवृत्त मास्तर, माझ्याहून बरेच मोठे, एकदा मागून आले आणि पुढे निघून जाता जाता म्हणाले, "सेठ, चालून राहिले का उभे आहात?" माझा राग नाकावरच असतो, त्याला शोधायला जावं लागत नाही. मी तसाच पळत सुटलो, पायात चपला, खिशात कारखान्याच्या किल्ल्या. घाटाच्या टोकाला एका झाडाला धरून थांबलो तेव्हा जीव घशात आला होता आणि मला हसू आवरत नव्हतं. कॉलेज सुटल्यापासून मी पळालोच नव्हतो. बस पकडायलासुद्धा नाही, कारण आमच्याकडे हात दाखवला की बस थांबते.

मग बूट आले. चपलेतून बुटात गेल्यावर माणूस मागे फिरत नाही. आधी झाडापर्यंत, मग वरच्या रस्त्यापर्यंत, मग पुलावरून तापी ओलांडून पलीकडच्या केळीच्या बागांपर्यंत. थंडीत नदीवर वाफ असते. समोरून केळ्यांनी भरलेले ट्रॅक्टर येतात, त्यावर वर बसलेली माणसं कांबळ्यातून तोंड काढून मला बघतात. कुणीतरी ओरडतं, "अरे सेठ, पीछे कौन लगा है?" मी हात हलवतो. त्या तासाभरात मी कुणाचा मालक नसतो, कुणाला उधारीचा तगादा करायचा नसतो, कुणावर ओरडायचं नसतं. आयुष्यात इतकी फुकटची मजा मला कधीच मिळाली नव्हती आणि ती चोपन्नाव्या वर्षी मिळाली याचं मला रोज आश्चर्य वाटायचं.

माझी बायको मुलींच्या शाळेत गणित शिकवते. तिला हे धावणं आवडलं नव्हतं, पण तिने अडवलंही नव्हतं. मी परत आलो की ती चहाचं आधण ठेवायची आणि लग्नापासून मी कुठूनही आलो की विचारायची तेवढंच विचारायची, "सगळं ठीक?" मी म्हणायचो, "फर्स्ट क्लास." तिच्या त्या प्रश्नाकडे मी कधी लक्ष दिलं नाही. घरोघरी बायका असं काहीबाही विचारतात असं मला वाटायचं.

आमची मुलगी पुण्यात नोकरी करते. दिवाळीला आली ती माझ्यासाठी घड्याळ घेऊन. काळं, जाड, पाठीला हिरवा दिवा. "पप्पा, ये जीपीएस वॉच है. किती पळाले, किती स्पीड होती, हार्ट रेट किती होता, सब बताएगी." खातं तिनेच तिच्या मोबाइलवर उघडलं, म्हणजे माझं सगळं तिलाही दिसणार होतं. मी म्हटलं, किती पळालो ते मला माहीत असतं, दम लागेपर्यंत पळालो. पण मनातून मी खूश होतो. त्या रात्री जेवताना डावा हात जरा जास्तच ताटाबाहेर ठेवला होता.

पहिल्या दिवशी घाटावर मी हात वर करून उभा. घड्याळ म्हणे उपग्रह शोधत होतं. मास्तरांनी विचारलं, "कोणाची वाट पाहून राहिले?"

"उपग्रहाची."

"मग बसून घ्या. त्याले लांबून यायचं आहे."

सगळे हसले. उपग्रह आला, मी निघालो, आणि प्रत्येक किलोमीटरला मनगटावर गुदगुली व्हायला लागली. ती गुदगुली मला फार आवडायची. कुणीतरी पाठीवर थाप मारतंय असं वाटायचं. घरी येऊन नकाशा बघितला तर त्यात मी कुठून कुठे गेलो त्याची लाल रेघ होती. नदीवर रेघ सरळ आणि छान, पण बुधवाऱ्याच्या गल्ल्यांत शिरल्यावर उपग्रह गोंधळला होता. घरांची छपरं इतकी जवळजवळ आहेत की त्या बिचाऱ्याला वरून आभाळच मिळालं नसावं. नकाशाप्रमाणे मी सराफाच्या दुकानातून आत गेलो होतो, त्याच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडलो होतो आणि मागच्या घराच्या गच्चीवरून धावलो होतो. दुसऱ्या दिवशी मी सराफाला ते दाखवलं. त्याने नीट बघितलं आणि म्हणाला, "मग चहा घ्यायला थांबायचं होतं ना."

घड्याळाची आणि माझी भांडणंही व्हायची. त्याला मतं फार. एका सकाळी मी मनापासून धावून आलो तर त्याने लिहिलं, 'अनप्रॉडक्टिव्ह'. मी मुलीला फोन करून अर्थ विचारला, म्हणजे अर्थ कळला होता, पण खात्री करून घ्यायची होती. बारा पावरलूम चालवणाऱ्या माणसाला मनगटावरची एक डबी अनुत्पादक म्हणते! दोन दिवस मी ते घड्याळ उशीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी गुदगुलीची आठवण आली आणि पुन्हा बांधलं.

इथपर्यंत सगळं गमतीत चाललं होतं. मी घड्याळ फक्त धावताना बांधत होतो, कारण कारखान्यात सूत उडतं आणि त्याच्या काचेवर बसतं. जानेवारीत मुलीचा फोन आला. "पप्पा, दिवसभर घाला ना. रेस्टिंग हार्ट रेट कळेल. असं फक्त पळताना घालून फायदा नाही." म्हणून मी ते दिवसभर बांधायला लागलो. पट्टा जरा सैल ठेवायचो, कारण घट्ट घड्याळ मला हातकडीसारखं वाटतं.

आता कारखान्याचं सांगायला हवं. घरापासून दोन गल्ल्यांवर पत्र्याचं लांब छप्पर आहे, त्याखाली आमचे लूम. अस्तराचं कापड निघतं. वडिलांनी मला कापड ओळखायच्या आधी लूमवर हात ठेवायला शिकवलं. बारा लूम एकदम चालू असले की कुठला कुरकुरतोय ते कानाला कळत नाही, कानात नुसता गदारोळ असतो. पण लूमच्या चौकटीवर पंजा टेकवून बसलं की त्याची चाल हातात येते. आडवा धागा नेणारा धोटा उशिरा येतोय, पट्टा सैल पडलाय, हे हातालाच समजतं. आमच्या गल्लीतले सगळे मालक दुपारी असेच बसतात. जेवण झालं की स्टूल ओढायचं, एका लूमवर हात टेकायचा आणि डोळे मिटायचे. बाहेरच्याला वाटतं मालक झोपलाय. थोडा झोपलेलाही असतो.

त्या महिन्यात भिंतीकडचा एक लूम सतावत होता. नवा पट्टा बसवूनही तो मध्येच अडखळायचा, म्हणून मी रोज दुपारी त्याच्यापाशीच बसत होतो. एका दुपारी मनगट थरथरलं. बघतो तर लाल अक्षरं. मुलीचा फोन त्याच मिनिटाला आला.

"पप्पा, काय करी राहिले?"

"बसलोय."

"झूठ मत बोलो. एकशे बावन दिखा रहा है."

"अगं, खरंच बसलोय. स्टुलावर."

तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही. सकाळी धावताना ठोके शिस्तीत वाढायचे आणि शिस्तीत उतरायचे, पण दुपारी, जेवून शांत बसलेलो असताना, दीडशे. अर्धा अर्धा तास दीडशे. मुलीने न राहवून आईला फोन केला.

मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. "उद्यापासून धावणं बंद," एवढंच म्हणाली आणि आत गेली. सकाळी उठून बघतो तर बूट नाहीत. तिने ते माळ्यावर टाकले होते आणि शिडी शेजाऱ्यांकडे दिली होती.

तिचा मोठा भाऊ, माझा मेहुणा, असाच गेला होता. खंडव्यात त्याचं स्टेशनरीचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला वही बांधून देता देता गल्ल्यावर डोकं टेकवलं आणि संपलं. वय माझ्याएवढंच. त्याला ना छातीत दुखलं होतं, ना घाम आला होता. तेव्हापासून आमच्या घरात कुणी नुसतं डोकं टेकवून बसलं तरी ती हाक मारते. हे मला माहीत होतं. तरीही मी त्या सकाळी आवाज चढवला. म्हटलं, मला काहीही होत नाहीये, धावताना तर मी घोडा असतो. ती म्हणाली, "त्याले बी काही होत नव्हतं."

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली. पट्टी स्वच्छ आली. त्यांनी घड्याळातले आलेख मोबाइलवर बघितले, चष्मा वर केला, पुन्हा बघितले. "सेठ, पट्टी अच्छी है, पण बसल्या जागी इतके ठोके मला नाही आवडले. इंदूरला जाऊन चोवीस तास मशीन लावून घ्या. तोवर आराम." डॉक्टरांनी आराम म्हटलं की बायकोच्या हातात सरकारी हुकूम आल्यासारखं होतं. इंदूरची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सकाळी डोळे आपोआप उघडायचे आणि करायला काही नसायचं. मास्तर घरावरून जाताना मुद्दाम खोकायचे. मी चहात बिस्कीट बुडवून बसायचो, बिस्कीट पडायचं, मी त्याच्यावर चिडायचो. कारखान्यात सगळ्यांवर खेकसायचो. एक कारागीर दुसऱ्याला म्हणताना मी ऐकलं, "सेठ को दौड़ने दो यार, नहीं तो हम मर जाएँगे." आणि खरं सांगायचं तर मी घाबरलोही होतो. आतून काहीतरी बिघडलंय आणि मला त्याचा पत्ताच नाही, हा विचार जाता जात नव्हता. जिना चढताना मी मध्येच थांबून स्वतःच्या छातीवर हात ठेवायचो. जो माणूस पंधरा दिवसांपूर्वी पुलावरून पलीकडे धावत जात होता, तो आता जिन्यात थांबत होता.

एका दुपारी मी नेहमीसारखा त्या भिंतीकडच्या लूमपाशी बसलो होतो. पंजा चौकटीवर, डोळे मिटलेले. मनगट थरथरलं. एकशे एकावन्न. मी अजिबात हललो नाही. श्वास हळू घेतला. एकशे बावन्न. छातीत काही होत नव्हतं, पण मेहुण्यालाही काही होत नव्हतं. कपाळावर घाम आला. हाक मारावी की नाही, मारली तर कुणाला, असा विचार करत होतो आणि तेवढ्यात लाइट गेली.

लूम दोन-चार ठोके मारून थांबले. आमचेच नाही, सगळ्या मोहल्ल्याचे. आमच्या गावात दिवसाची शांतता लाइट गेल्यावरच ऐकू येते. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, पत्र्यावर कबुतरं चालली. मी घड्याळाकडे बघितलं. आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा. म्हटलं, संपलं. मग रेघा गेल्या आणि आकडा आला, चौऱ्याहत्तर.

मी बघतच राहिलो. चौऱ्याहत्तर. त्र्याहत्तर. लाइट जाऊन मिनिटही झालं नव्हतं आणि माझं हृदय शहाण्या मुलासारखं बसलं होतं. दहा मिनिटांनी लाइट आली. लूम सुरू झाले. मी हात मांडीवर ठेवला होता, आकडा तिथेच राहिला. मग घाबरत घाबरत पंजा चौकटीवर टेकवला. थोडा वेळ काही नाही. मग नव्वद, एकशे वीस, एकशे पन्नास. हात काढला, उतरला. ठेवला, चढला. उठून शेजारच्या लूमवर ठेवला, तो जुना आणि जरा सुस्त आहे, तर एकशे चाळीस. लूम जितके ठोके मारत होता तितके घड्याळ माझे म्हणून मोजत होतं! दोन आठवडे आम्ही सगळे ज्याची काळजी करत होतो तो माझा नव्हे, भिंतीकडच्या लूमचा हार्ट रेट होता.

मी इतक्या मोठ्याने हसलो की कारागीर धावत आला. "सेठ, तबीयत तो ठीक है?"

"मेरी तो ठीक है," मी ओरडलो, "तुम्हारे लूम को इंदूर ले जाना पड़ेगा!"

शाळा सुटायची वेळ झाली होती. मी स्कूटर काढून थेट शाळेच्या फाटकावर गेलो आणि बायकोला मागे बसवून कारखान्यात आणलं. ती कित्येक वर्षांत तिथे आली नव्हती. कारागिरांनी तिच्यासाठी स्टूल पुसलं. मी घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं, तसंच सैल, तिचा हात धरून लूमवर ठेवला आणि म्हटलं, "आता बघ." एकशे एकोणपन्नास झाले. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे माझं बी बिघडलं?"

मी कपाळावर हात मारला. लूमच्या खडखडाटात मी तिला समजावत होतो आणि ती मान हलवत होती. एका उदाहरणाने सिद्ध होत नाही, ती म्हणाली, दोघांनाही तोच आजार असू शकतो. मी म्हटलं, मग तिसरा माणूस बोलावतो. ती म्हणाली, त्यालाही असू शकतो. गणिताच्या बाईशी लग्न केल्याचे हे भोग. मला असं काहीतरी हवं होतं ज्याला हृदयच नाही.

आमच्या गावात केळी शोधावी लागत नाहीत. कारखान्याच्या खुंटीवर एक फणी लटकलेलीच होती, भाजीसाठी आणलेली कच्ची. त्यातलं सगळ्यात जाड केळं मी तोडलं, त्याच्या पोटावर घड्याळ शेवटच्या भोकापर्यंत आवळून बांधलं आणि ते लूमच्या चौकटीवर हाताने दाबून न धरता नुसतं टेकवून ठेवलं. कारागीर गोळा झाले. आधी दोन रेघा आल्या. कुणीतरी म्हणालं, "मर गया बेचारा." मग आकडा आला आणि चढत चढत एकशे पन्नासवर जाऊन थांबला. केळ्याची छाती धडधडत होती.

बायको हसायला लागली. पहिल्यांदा तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, मग कापडाच्या गठ्ठ्यावर बसून. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिला असं हसताना मी किती वर्षांनी बघत होतो! इतक्यात माझा मोबाइल वाजला. मुलगी होती, आवाज चढलेला. "पप्पा, फिर से! एकशे पन्नास! तुम्ही परत बसले ना तिथे?" बायकोने फोन माझ्या हातातून घेतला.

"तुझे पप्पा नाही," ती हसता हसता म्हणाली, "केळं आहे."

ते केळं आम्ही घरी नेलं आणि त्याची भाजी केली. मास्तरांपर्यंत गोष्ट दुसऱ्या दिवशी पोहोचली, आणि त्यानंतर मी घाटावर दिसलो की ते माझी नाही, लूमची तब्येत विचारतात.

बूट मात्र लगेच खाली आले नाहीत. "केळ्याचं सिद्ध झालं," बायको म्हणाली, "तुमचं नाही." म्हणून तारखेला आम्ही इंदूरला गेलो. छातीला वायरी चिकटवून एक दिवस आणि एक रात्र तिच्या मावसबहिणीकडे राहिलो. मशीनमध्ये काही निघालं नाही. तिथल्या डॉक्टरांनी लूमची गोष्ट दोनदा सांगायला लावली आणि दुसऱ्या वेळी शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांनाही बोलावलं. "धावा, बिनधास्त धावा," ते म्हणाले, "आणि पट्टा घट्ट बांधा." परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसून झोपून गेली. इतकी गाढ की बऱ्हाणपूर आल्यावर तिला हलवून उठवावं लागलं.

शिडी परत आली. बूट झटकून मी पहिल्या सकाळी निघालो तर ती दारात चपला घालून उभी. "मी बी येते. पायरीवर बसीन. तुम्ही पळा." मी म्हटलं, चल. घाटावर तिने माझं घड्याळ मागून घेतलं. "मले ठेवू द्या जरा. पाहू तर माझे किती होतात." मी तिच्या मनगटावर ते नीट घट्ट बांधलं आणि रिकाम्या हाताने धावायला निघालो.

त्या सकाळचं काय सांगू! पाय विसरले नव्हते. वरचा रस्ता, पूल, पुलावरचा गार वारा, पलीकडच्या बागा, ट्रॅक्टरवरची तीच माणसं. एकजण ओरडला, "किधर थे सेठ इतने दिन?" मी गात होतो की काय असं मला वाटलं, पण दम नसल्यामुळे ते गाणं नसावं. मला परत यायची घाई नव्हती. नेहमीपेक्षा थोडा पुढेच गेलो.

तासाभराने घाटावर उतरलो तर ती पायरीवरच बसलेली होती, मी सोडून गेलो होतो तिथेच. घड्याळाचा हात तिने अंगापासून लांब धरला होता. मला बघताच म्हणाली, "तुमची ही घडी फालतू आहे. मी एका जागेवर बसलेली आहे, हललीसुद्धा नाही, अन् ही एकशे आठ दाखवून राहिली. अठी घाटावर तर लूम बी नाही."

मी घड्याळ बघितलं. मागचा तासभर आलेखात दिसत होता. सुरुवातीला रेघ खाली होती. मी पुलाकडे वळून दिसेनासा झालो असेन तिथून ती वर चढली होती आणि वरच राहिली होती. मी तिच्या शेजारी टेकलो. माझा घाम तिच्या साडीला लागला, तरी ती सरकली नाही. नदीकडे बघत ती कुणाच्या तरी लग्नाचं काहीतरी सांगत होती आणि तिच्या मनगटावर आकडा हळूहळू उतरत होता. एकशे एक, चौऱ्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तीस वर्षं या बाईने मला 'सगळं ठीक?' एवढंच विचारलं होतं आणि मी फर्स्ट क्लास म्हणून मोकळा झालो होतो. मला गलबलून आलं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मला पुन्हा पळत सुटावंसं वाटलं.

मी तिला काही समजावून सांगितलं नाही. घड्याळ खरंच फालतू आहे म्हणालो आणि ते माझ्या हातावर बांधलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुलाकडे जाणं सोडलं. तेवढंच अंतर आता मी घाटावरच धावतो. या टोकापासून त्या टोकाला, मग मागे, पुन्हा तिकडे. मास्तरांनी मला घाण्याचा बैल असं नाव ठेवलं आहे. बायको चहाची किटली घेऊन पायरीवर वह्या तपासत बसते. मी समोरून गेलो की मान वर करते आणि पुन्हा वहीत घालते, आणि शेवटच्या फेरीला हटकून ओरडते, "झालं का? चहा थंड होऊन राहिला!" मी मजेत फेऱ्या मारतो. नदी काही कुठे जात नाही.

परवा रविवारी मुलीचा फोन आला. मोबाइलवर माझा नकाशा बघत बोलत होती.

"पप्पा, काय आहे हे? आधी किती मस्त लाइन जायची, पूल के उस पार तक. आता सगळा गुंता दिसतोय. एकाच जागेवरून वीस-वीस वेळा. जीपीएस बिघडलं का?"

"नाही गं, बरोबर आहे."

"मग तिथे आहे काय इतकं?"

"तिथे तुझी आई बसते," मी म्हटलं.